धागा: स्क्रॅबलमधले मोठे शब्द आणि नीटची पुस्तकं

मांजराकाठ (लातूर)

लातुरात आमची अभ्यासिका आहे. नीटची तयारी करणारी पोरं-पोरी दिवसभर खुर्चीला खिळून असतात, म्हणून रविवारी संध्याकाळी पुस्तकं मिटायला लावून आम्ही स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल जोडून इंग्लिश शब्द लावायच्या खेळाचा, बोर्ड मांडतो. पोरं निलंगा, अहमदपूर, गंगाखेड, कंधार, कळंब अशा भागांतली. बहुतेकांचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालंय. खेळात रमतात, पण तीन-चार अक्षरांच्या शब्दांपुढं गाडी सरकत नाही. विचारलं की एकच उत्तर येतं, "मॅडम, आमचं इंग्लिश कच्चं आहे." हे उत्तर मला मान्य नाही. का नाही, ते सांगायला हा धागा काढतेय.

आधी खेळाचा हिशोब. शब्द जितका लांब तितके गुण जास्त, असं सरसकट नसतं. पाच अक्षरी आणि सहा अक्षरी शब्दांत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो सातव्या टाइलला. रॅकवरच्या, म्हणजे आपल्यापुढच्या पट्टीवरच्या, सातही टाइल एकाच खेपेत लावल्या तर वर ५० गुणांचा बोनस मिळतो. शब्दात एकेका गुणाचीच अक्षरं असली तरी पहिल्याच डावात, मधल्या चौकोनाच्या दुपटीमुळे, किमान ६४ गुण होतात. आमच्या पोरांचा एकेका खेपेचा सरासरी गुण बाराच्या आसपास असतो. म्हणजे सात अक्षरी एकच शब्द पाच खेपांचं काम करतो.

आता खरा मुद्दा. एका रविवारी जीवशास्त्राचं पुस्तक बाजूला पडलं होतं. सहज चाळताना शब्दांच्या इंग्लिश स्पेलिंगमधली अक्षरं मोजायला लागले आणि थांबताच येईना. डीएनएचे चार बेस घ्या. ॲडेनिन सात, ग्वानिन सात, थायमिन सात, आणि सायटोसिन आठ. शर्करा घ्या. ग्लुकोज, सुक्रोज, लॅक्टोज, माल्टोज, चारही सात. पिष्ट आणि शर्करा तोडणारी विकरं अमायलेज, माल्टेज, लॅक्टेज, तीही सातच. रसायनशास्त्रात बेन्झिन, टोल्युइन, ॲनिलिन, नायट्रेट, नायट्राइट, ॲसिटेट, सायट्रेट, ऑक्झॅलेट. हे सगळे शब्द खेळाच्या यादीत चालतात. आणि ही पोरं ते रोज लिहितात, स्पेलिंगसकट! ज्या मुलीला 'अमायलेज' न चुकता लिहिता येतं तिचं इंग्लिश खेळापुरतं तरी कच्चं नाही. तिला फक्त ते शब्द विस्कटलेल्या अक्षरांत दिसत नाहीत.

तर विचारायचंय हे. माहीत असलेला शब्द रॅकवर 'दिसायला' लागावा यासाठी तुम्ही काय करता? खेळणाऱ्यांनी जरूर लिहा.

सिंदफणा (बीड)

ताई, काम चांगलं करताय. पण नीटचं वर्ष म्हणजे घरच्यांनी उसाचं बिल, सोयाबीनचे पैसे असं सगळं त्यात घातलेलं असतं. रविवारचे दोन तास खेळात गेले तर आई-बाप विचारणारच. त्यांना तुम्ही काय सांगता?

मांजराकाठ (लातूर)

सिंदफणादादा, प्रश्न रास्त आहे. तो दोन-तीन पालकांनी समोर बसून विचारलाय. मी त्यांना सांगते की दिवसाला बारा-चौदा तास बसणाऱ्या लेकराला आठवड्यातून एकदा चार माणसांत हसायला मिळालं पाहिजे. लातुरात लेकरं एकटी राहतात, खोलीवर परत गेल्यावर बोलायला कुणी नसतं. त्या दोन तासांत ती एकमेकांची नावं शिकतात. स्क्रॅबलच्या जागी कॅरम असता तरी मी हेच म्हटलं असतं.

गोदातीर (नांदेड)

मी बरीच वर्षं खेळतोय, त्यामुळे थोडं उलट बोलतो. मोठ्या शब्दांच्या आधी दोन अक्षरी शब्द पाठ करून घ्या. स्क्रॅबलसाठीच्या वैध शब्दांच्या कॉलिन्सच्या यादीत ते १२७ आहेत, त्याहून एक जास्त नाही. एका कागदावर बसतात.

कारण सांगतो. सात अक्षरी शब्द सुचणं एक आणि तो बोर्डावर बसणं दुसरं. जागा मोकळी नसते. मग तो शब्द आधीच्या शब्दाला चिकटून, समांतर लावावा लागतो, आणि तिथं उभी जी दोन-दोन अक्षरांची जोडी तयार होते ती प्रत्येक जोडी वैध असावी लागते. 'एए', 'ओई', 'एक्सआय', 'क्यूआय' हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात 'ग्लुकोज' असूनही तो हातातच राहतो. पोरांच्या तोंडाकडं बघवत नाही तेव्हा.

आणि छोटा शब्द कमी गुणाचा असतो हाही समज सोडा. 'क्यूआय' आडवा आणि उभा असा दोन्हीकडून जमला, आणि १० गुणांचा क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या चौकोनावर पडला, तर ३१ आणि ३१ मिळून ६२ गुण होतात. बोनसच्या तोडीचा डाव झाला की हा!

पूर्णाकाठ (परभणी)

गोदातीर यांच्याशी सहमत. आता 'दिसण्या'बद्दल लिहितो. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे माझी पद्धत जरा मोजमापाची आहे.

पिशवीत १०० टाइल असतात. दोन कोऱ्या, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येतं अशा, उरलेल्या ९८ मध्ये ४२ स्वर आणि ५६ व्यंजनं. ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, एन-आर-टी प्रत्येकी ६. अमेरिकेतले आल्फ्रेड बट्स नावाचे वास्तुविशारद १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजत बसले, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते पाहिलं आणि त्यावरून हे प्रमाण ठरवलं. म्हणजे रॅकवर काय येण्याची शक्यता जास्त हे आपल्याला आधीच कळतं. मग तयारीही त्याच अक्षरांची करावी. क्यू आणि झेडचे चमकदार शब्द नंतर.

यातून निघालेली जुनी युक्ती म्हणजे सहा अक्षरांचा पाया. 'रेटिना' घ्या: आर, ई, टी, आय, एन, ए. डोळ्यातला पडदा, नीटवाल्यांना सांगायला नको. यातली सहाही अक्षरं पिशवीत भरपूर आहेत. सातवं कोणतंही आलं तरी बहुतेक वेळा शब्द होतो. सी आला तर 'सर्टन', डी आला तर 'ट्रेन्ड' (प्रशिक्षित), जी आला तर 'ग्रॅनाइट', आय आला तर 'इनर्शिया', के आला तर 'केराटिन', एल आला तर 'रिलायंट', एम आला तर 'मिनारेट', पी आला तर 'पेंटर', आर आला तर 'ट्रेनर', टी आला तर 'नायट्रेट', यू आला तर 'युरिनेट'. ताईंचा मुद्दा इथंही लागू पडतो. यातले निम्मे शब्द अकरावी-बारावीच्या विज्ञानातले आहेत.

दुसरा तसाच पाया एस, ए, टी, आय, एन, ई. त्यात एल मिळाला की 'इलॅस्टिन', त्वचेतलं प्रथिन.

पाठ करायची रीत अशी. चिठ्ठीच्या एका बाजूला सातही अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लिहायची. मागच्या बाजूला त्यातून होणारे सगळे शब्द. शब्द बघून अक्षरं आठवायची नाहीत, अक्षरं बघून शब्द आठवायचे. ही दिशा महत्त्वाची, कारण डावात अक्षरंच समोर असतात. रॅकवर टाइल आल्या की त्या आधी एबीसीडीच्या क्रमानं लावा. सवय झाली की ई-आय-एन-ओ-पी-आर-टी दिसताक्षणी 'प्रोटीन' ओठावर येतं, आणि त्याच चिठ्ठीवर 'पॉइंटर'ही असतं. जो बसेल तो लावायचा.

चिठ्ठी जमली तर तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. नाही जमली तर दुसऱ्याच दिवशी.

अंबाजोगाईकर

धागा वाचून राहवलं नाही. इंग्रजीचं सगळं पटलं, पण मराठीत का नाही खेळत कुणी? आमच्या घरी जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापून अक्षरं केलीत. आजी, सुना, नातवंडं सगळी बसतात.

मराठीत खरी अडचण टाइलची आहे. क, का, कि, की अशी अख्खी बाराखडी वेगळी केली तर पिशवी पोत्याएवढी होईल. आम्ही व्यंजनं वेगळी आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह वेगळं असं केलं. मात्रेची चिठ्ठी लहान, ती अक्षराच्या टाइलवरच ठेवायची. चौकोन एकच व्यापतो. मात्रा हातातल्या सातांत मोजायच्या की नाही यावर घरात भांडण झालं. शेवटी मात्रा सगळ्यांना खुल्या ठेवल्या, मधे वाटीत.

दुसरं भांडण विभक्तीचं. 'घरासमोरच्यांनासुद्धा' असा शब्द लावला तर त्याला अंत नाही. म्हणून नियम केला की मूळ रूप आणि अनेकवचन चालेल, प्रत्यय चालणार नाही, आणि वाद झाला तर दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात पाहायचं. सात अक्षरी शब्द मराठीतही आहेत की. 'नगरपरिषद' मोजा. 'प्रकाशसंश्लेषण' मोजा, जोडाक्षर एक धरून. शेवटचा आमच्या नातीनं लावला, आठवीत आहे. तिनं तो विज्ञानाच्या पुस्तकातूनच उचललाय, ताई!

मांजराकाठ (लातूर)

अंबाजोगाईकर काका, मात्रा वाटीत ठेवायची कल्पना फार आवडली. उचलतेय. 'प्रकाशसंश्लेषण' कालच फळ्यावर लिहून दाखवला, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

औसेकरीण

मॅडमच्या अभ्यासिकेतलीच मी. नाव लिहीत नाही.

आम्ही तिघी रोज जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठ्या करूलालोत. पूर्णाकाठ सरांची रीत लई कामाला आली. मला जे सापडलं ते सांगते. शब्दाचं शेपूट आधी उजवीकडं ठेवायचं. रॅकवर ओ, एस, ई असले की ते तिन्ही उजव्या टोकाला सरकवायचे आणि उरलेल्या चारांत 'ग्लुक', 'सुक्र', 'लॅक्ट' असं काही आहे का बघायचं. ए-टी-ई असले की क्षार शोधायचा. आय-एन-ई असले की अमिनो आम्ल, 'ॲलनिन', 'ग्लायसिन'. ए-एस-ई असले की विकर. सात अक्षरं एकदम बघितली की डोकं गरगरतं, चारच बघायची म्हटलं की जमतं.

आणि एस असला तर सहा अक्षरी शब्दाचं अनेकवचन. 'एन्झाइम' सहा, एस लावून सात. 'टिश्यू', 'न्यूरॉन', 'स्टेमन', सगळे तसेच. 'एन्झाइम्स'मध्ये झेडचे १० आहेत, नुसत्या अक्षरांचेच २१ होतात आणि वर पन्नास. मागच्या रविवारी तो लागला. माझी मैत्रीण कंधारची, एरवी कधी मोठ्यानं बोलत नाही, ती उभी राहून ओरडली.

एक शंका. 'सल्फेट' एफनं लिहायचं की पीएचनं? पुस्तकात दोन्ही दिसतं.

गोदातीर (नांदेड)

दोन्ही चालतं बेटा. एफनं लिहिलं तर सात अक्षरं, पीएचनं लिहिलं तर आठ. आठ अक्षरी शब्दही बोनसचा होतो, फक्त त्यातलं एक अक्षर बोर्डावर आधीच पडलेलं हवं. म्हणून सात हातातले झाले की 'सायटोसिन', 'फ्रुक्टोज' असे आठवालेही शिकायला घ्या. बोर्डावरचं मोकळं अक्षर बघत बघत खेळायची सवय लागते.

एसची एक शिस्त मात्र पाळ. पिशवीत एस चारच. आठ-दहा गुण जास्त मिळत नसतील तर खर्च करू नकोस. कोरी टाइल तर बोनसशिवाय हलवायचीच नाही, अगदीच गळ्याशी आलं तर गोष्ट वेगळी.

तेरणेचं पाणी (धाराशिव)

मला एक गोष्ट खटकते. अर्थ न कळता शब्द पाठ करणं हे शिक्षण आहे का? बऱ्याच स्पर्धकांना निम्म्या शब्दांचे अर्थ माहीत नसतात असं ऐकून आहे.

पूर्णाकाठ (परभणी)

खरं आहे ते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच भाषेतली स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ मध्ये स्पॅनिशमधलीही जिंकली. त्यांच्यासाठी तो अक्षरांच्या रचनांचा खेळ आहे, आणि त्या दर्जाला पोचायचं तर दुसरा मार्ग नाही. सात अक्षरी शब्दच तीस हजारांवर आहेत.

पण मला यातून वेगळं काही दिसतं. भाषा बोलता न येणारा माणूस जगात पहिला येऊ शकतो, तर मराठी माध्यमाच्या पोरानं बिचकायचं कारणच उरत नाही. उच्चार कोणी तपासत नाही, व्याकरण कोणी विचारत नाही.

मांजराकाठ (लातूर)

तेरणेचं पाणी, तुमची तळमळ पोचली. म्हणूनच मी पुस्तकातल्या शब्दांपासून सुरुवात करतेय. अर्थ आधीच आत आहे, शब्द हाताशी आणायचाय. अर्थ माहीत नसलेल्या याद्या मी अभ्यासिकेत लावणार नाही, निदान नीटची परीक्षा होईपर्यंत तरी. ज्याला पुढं स्पर्धेत उतरायचं असेल त्यानं खुशाल रिचर्ड्स यांच्या वाटेनं जावं, मी चिठ्ठ्यांचे पुठ्ठे पुरवीन.

पूर्णाकाठ सर, तुमचं शेवटचं वाक्य फळ्याच्या वर कायमचं लिहून ठेवलंय.

सिंदफणा (बीड)

माझ्या भाचीला विचारलं, ती पण नीटच करायली. म्हणाली, मामा, 'ट्रेकिया'चं स्पेलिंग मी नेहमी चुकायचे, चिठ्ठी केल्यापासून चुकत नाही. तेव्हा माझा आधीचा प्रश्न मी अर्धा मागे घेतो. अर्धा राहू द्या, पैशाचा ताण खराच आहे.

खुलताबादी

विज्ञानाबरोबर आपल्या बोलीतलेही शब्द घ्या की. कॉलिन्सच्या यादीत कितीतरी आहेत. 'तालुका' आहे, एस लावला की सात. 'जोवारी' आहे, तीही एस लावून सात, जेचे ८ आणि डब्ल्यूचे ४ धरून नुसते १७. 'जॅगरी', म्हणजे आपला गूळ, सात अक्षरी. 'चटणी' सात अक्षरी. 'निजाम' चालतो आणि 'निजामेट' हा आठ अक्षरीही चालतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाड्यातून निजामाची सत्ता गेली, बोर्डावर मात्र अजून उपयोगी पडते.

आणि 'कव्वाली'. क्यूनं सुरू होते, पण यू लागत नाही. अक्षरांचे २२, बोनस धरून ७२, चौकोनांची दुपट-तिप्पट वेगळीच. आमच्याकडं उरसात ऐकतच मोठे झालो. लावायला मात्र क्यू आणि दोन्ही डब्ल्यू हातात यावे लागतात, पिशवीत डब्ल्यू दोनच असतात. एखादी कोरी टाइल मदतीला आली तर जमेल.

गोदातीर (नांदेड)

कव्वालीची वाट बघत बसू नका एवढंच सांगतो. क्यू, डब्ल्यू धरून बसलेला खेळाडू तीन खेपा सहा-सहा गुणांवर काढतो आणि हरतो. जड अक्षरं लवकर काढून टाकावीत. रॅकवर तीन स्वर, चार व्यंजनं असा तोल राहील असं बघावं. तोल बिघडला, पाच स्वर साचले, तर सरळ टाइल बदलून घ्याव्यात. खेप जाते, पण पिशवीत सात तरी टाइल शिल्लक असेपर्यंत तो हक्क आहे आणि तो वापरायला पोरं उगाच लाजतात. मोठा शब्द सापडतो तो असा रॅक नीट राखणाऱ्याला. मागच्या खेपेला काय खेळलो यापेक्षा काय शिल्लक ठेवलं ते बघा.

औसेकरीण

हे कुणीच सांगितलं नव्हतं सर. आम्ही आजपर्यंत फक्त गुण बघायचो, शिल्लक काय राहतंय ते नाही.

पूर्णाकाठ सर, एखादी चिठ्ठी द्या ना सोडवायला.

पूर्णाकाठ (परभणी)

घ्या. ए, ई, जी, आय, एन, एन, टी. दोन शब्द होतात. एक बारावीच्या जीवशास्त्रात आहे, रोगप्रतिकाराच्या धड्यात. दुसरा औषधाच्या बाटलीवर.

औसेकरीण

पहिला 'अँटिजेन'! दुसरा नाही आला.

अंबाजोगाईकर

दुसरा 'जेन्शियन'. जेन्शियन व्हायोलेट. तोंड आलं की आई ते जांभळं औषध लावायची, आठवडाभर जीभ निळी.

पूर्णाकाठ (परभणी)

दोन्ही बरोबर. आता पुढची, आणि ही सिंदफणा यांच्या भाचीनं सोडवायची नाही: ए, ए, सी, ई, एच, आर, टी.